जुन्या पिकअप गाडीसाठी वंगणतेलाची निवड

आझादपूर, गाझीपूर आणि ओखला येथील मंडयांत मोठ्या ट्रकांनी आलेला माल दिल्लीच्या गल्लीबोळांपर्यंत पोहोचविण्याचे काम लहान मालवाहू गाड्या करतात. टाटांची १९८८ मध्ये बाजारात आलेली मोबाइल २०६ आणि तिच्यापासून पुढे घडलेली २०७, महिंद्रांची बोलेरो पिकअप, २००५ मध्ये आलेली व 'छोटा हत्ती' या नावाने देशभर ओळखली जाणारी टाटा एस ही या वर्गातील परिचित नावे होत. यांपैकी टाटांच्या गाड्या प्रथम पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. या गाड्यांचा मालक पुष्कळदा स्वतःच चालक असतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, आणि इंजिन बांधावयास आले की अनेक महिन्यांची बचत त्यात जाते. म्हणूनच गाडी जुनी झाली म्हणजे काश्मिरी गेटच्या दुकानांत किंवा संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरातील मिस्त्रीपाशी एक प्रश्न हमखास विचारला जातो: या गाडीत आता कोणते ऑइल घालावे?

या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ठरावीक असतात. कोणी म्हणतो, जुन्या इंजिनाला दाट तेल हवे; कोणी म्हणतो, महाग ते उत्तम; कोणी एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळा होतो. या तिन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. ती तेलाविषयी बोलतात, इंजिनाविषयी बोलत नाहीत. वंगणतेलाची योग्य निवड करावयाची तर इंजिन कोणत्या पिढीचे आहे, ते कोणते इंधन जाळते, त्याची झीज कोठवर आली आहे आणि त्याच्याकडून रोज काय काम घेतले जाते, हे चार प्रश्न आधी सोडवावे लागतात.

तेल इंजिनात काय करते

वंगणतेलाचे पहिले काम सर्वांना ठाऊक असते. फिरणाऱ्या व सरकणाऱ्या धातूंच्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो आणि त्यामुळे धातू धातूवर घासत नाही. परंतु त्याची इतर कामेही तितकीच महत्त्वाची आहेत. पिस्टनच्या खालच्या बाजूची व बेअरिंगांची उष्णता तेल वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट ते भरून काढते, त्यामुळे दाब टिकतो. जळणातून निर्माण होणारी काजळी ते स्वतःत तरंगत ठेवते. इंधनातील गंधकापासून तयार होणारी आम्ले ते निष्प्रभ करते आणि गंजापासून धातूचे रक्षण करते.

ही सर्व कामे केवळ खनिज तेलाने होत नाहीत. मूळ तेलात निरनिराळी रासायनिक पूरके मिसळलेली असतात. काही पूरके इंजिन स्वच्छ ठेवतात, काही काजळीचे कण एकत्र येऊ देत नाहीत, तर जस्त व फॉस्फरस यांचे संयुग दाबाखालील धातूवर संरक्षक थर चढविते. तेल 'खराब होते' म्हणजे मुख्यतः ही पूरके खर्ची पडतात आणि तेलात मळ साचतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, आणि तेल काळे झाले की ते संपले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः काजळी धातूवर बसण्याऐवजी तेलात राहिली आहे, असाच त्या काळेपणाचा अर्थ आहे. ज्या तेलाने आपले काम केले तेच काळे झाले. तेल बदलण्याची वेळ रंगावरून ठरत नाही.

डब्यावरील पहिली खूण: दाटपणा

तेलाच्या डब्यावर दोन खुणा महत्त्वाच्या असतात. पहिली तेलाच्या दाटपणाची, म्हणजे शास्त्रीय भाषेत श्यानतेची. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशा स्वरूपात ती लिहिलेली असते. ही पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने घालून दिली असून त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ती एस. ए. ई. या नावाने ओळखली जाते.

या दोन अंकांपैकी दुसरा अंक तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असली तर ते तेल ४० क्रमांकाचे, ९.३ ते १२.५ असली तर ३० क्रमांकाचे, आणि १६.३ ते २१.९ असली तर ५० क्रमांकाचे. 'डब्ल्यू' या अक्षरापूर्वीचा पहिला अंक थंडीतील वागणूक सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते. १५डब्ल्यू तेलाची चाचणी इंजिन फिरविण्याच्या दृष्टीने उणे २० अंशांना आणि पंपाने ओढण्याच्या दृष्टीने उणे २५ अंशांना घेतली जाते. २०डब्ल्यू तेलासाठी हेच आकडे उणे १५ व उणे २० असे आहेत.

आता हे आकडे दिल्लीच्या हवामानाशी ताडून पाहावेत. सफदरजंग वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान उणे ०.६ अंश असून ते १६ जानेवारी १९३५ या दिवसाचे आहे. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथे १.१ अंश तापमान होते. उन्हाळ्याची दुसरी टोकाची बाजू म्हणजे २९ मे २०२४ रोजी त्याच वेधशाळेत नोंदले गेलेले ४६.८ अंश. याचा अर्थ असा की, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीतही १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू तेल पंपापर्यंत पोहोचण्यास अडचण येत नाही. उणे ३० अंशांची तयारी असलेल्या ५डब्ल्यू तेलासाठी केवळ थंडीच्या भीतीने अधिक पैसे मोजण्याचे कारण दिल्लीकराला नाही. मात्र १५डब्ल्यू तेल जानेवारीच्या पहाटे २०डब्ल्यूपेक्षा लवकर वरच्या भागांपर्यंत चढते आणि इंजिन सुरू होतानाची झीज कमी करते. म्हणून दोहोंची मुभा निर्मात्याने दिली असेल तर १५डब्ल्यू निवडणे हितावह.

उन्हाळ्याच्या बाबतीतही अशीच एक अतिशयोक्ती ऐकू येते. बाहेर ४५ अंश तापमान असले म्हणजे तेल फार पातळ होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. परंतु तेलाचे चालू इंजिनातील तापमान १०० अंशांच्या आसपासच असते आणि दुसरा अंक त्याच तापमानाला ठरविलेला असतो. थंडविण्याची व्यवस्था ठीक असली, रेडिएटरच्या जाळीत धूळ अडकलेली नसली, पंख्याचा पट्टा ताणलेला असला, तर बाहेरच्या उन्हाने तेलाचा क्रमांक बदलावा लागत नाही. रेडिएटर तुंबलेला असेल तर मात्र कोणत्याही क्रमांकाचे तेल त्यावर उपाय ठरत नाही.

दुसरी खूण: दर्जा

डब्यावरील दुसरी खूण दर्जाची असते. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे ए. पी. आय. च्या वर्गवारीत डिझेल इंजिनांची तेले 'सी' या अक्षराने व पेट्रोल इंजिनांची 'एस' या अक्षराने सुरू होतात. डिझेलच्या वर्गवारीत सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ चा होय. दाटपणाचा अंक तेल किती दाट आहे एवढेच सांगतो. ते किती काजळी सांभाळील, किती आम्ल पचवील, किती काळ टिकेल हे दर्जावरून कळते. १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले दोन डबे म्हणूनच एकसारखे नसतात.

दर्जा का बदलत गेला, हे दिल्लीच्याच इतिहासातून चांगले समजते. १९९६ मध्ये दिल्लीत मिळणाऱ्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण ०.५ टक्क्यांवर, म्हणजे दहा लाख भागांत ५००० भागांवर आणले गेले, तेव्हा ती मोठी सुधारणा मानली गेली. पुढे भारत स्टेज मानके आली. स्टेज तीनच्या डिझेलमध्ये ३५० भाग, १ एप्रिल २०१० पासून दिल्ली परिसरात लागू झालेल्या स्टेज चारमध्ये ५० भाग आणि १ एप्रिल २०१८ पासून दिल्लीत मिळू लागलेल्या स्टेज सहाच्या इंधनात केवळ १० भाग गंधकाला मुभा राहिली. दोन दशकांत गंधक पाचशेपट घटले. जळताना गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते निष्प्रभ करण्यासाठी तेलात क्षारधर्मी पूरके भरपूर घालावी लागत. गंधक घटल्यावर ही गरज उतरली.

परंतु त्याच वेळी दुसरे ओझे वाढले. प्रदूषण कमी करण्यासाठी नव्या इंजिनांत धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये पाठविण्याची योजना आली; त्यामुळे तेलात उतरणारी काजळी वाढली. सीआय-४ हा दर्जा मुख्यतः अशाच इंजिनांसाठी घडविला गेला. पुढे धुरातील काजळी अडविणारी गाळणी आली. तेलातील धातुमय पूरकांची राख त्या गाळणीत अडकून बसते, म्हणून कमी राखेची सीजे-४ व सीके-४ ही तेले आली.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा हा किमान दर्जा समजावा. त्याच मालिकेतील नंतरचा दर्जा वापरता येतो, आधीचा वापरू नये. ज्या गाडीसाठी सीएच-४ सांगितले आहे तिच्यात सीआय-४ किंवा सीके-४ चालते. ज्या गाडीसाठी सीआय-४ सांगितले आहे तिच्यात स्वस्त मिळाले म्हणून सीएफ-४ घालणे ही खोटी बचत होय. एक अपवाद ध्यानात ठेवावा. सीके-४ बरोबरच आलेला एफए-४ हा दर्जा काही विशिष्ट नव्या इंजिनांसाठीच्या पातळ तेलांचा आहे. तो जुन्या पिकअपसाठी नाही. तसेच धुराची गाळणी असलेल्या स्टेज सहाच्या गाडीत अधिक राखेचे जुने तेल घालणे हे गाळणी बुजविण्यासारखेच आहे.

पुस्तिका हरवली असेल तर निर्मात्याच्या अधिकृत सेवाकेंद्रात इंजिनाच्या क्रमांकावरून शिफारस विचारता येते. शेजाऱ्याच्या गाडीवरून अनुमान काढू नये, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने बसविली गेली आहेत.

जुने इंजिन आणि दाट तेल

आता सर्वांत प्रचलित सल्ल्याकडे वळावे. इंजिन जुने झाले, फटी वाढल्या, म्हणून तेल दाट घालावे, हा तो सल्ला. त्यात तथ्याचा अंश आहे. बेअरिंगांच्या फटी वाढल्या म्हणजे तेलाचा दाब उतरतो आणि दाट तेल तो काहीसा सावरून धरते. घासलेल्या रिंगांतून दाट तेल थोडे कमी वर चढते. पण त्याचबरोबर दाट तेल पहाटेच्या वेळी हळू पोहोचते, अरुंद मार्गांतून कमी वाहते, टर्बोच्या नाजूक बेअरिंगांना उशिरा मिळते आणि ते ढवळण्यात इंधन खर्ची पडते. मुख्य म्हणजे दाट तेल झीज भरून काढीत नाही, ती काही काळ झाकून ठेवते.

म्हणून तेलाचा क्रमांक वाढविण्यापूर्वी इंजिनाची तपासणी व्हावी. 'गाडी ऑइल खाते' ही तक्रार एक असली तरी तिची कारणे अनेक असतात. पहिल्याने गळती पाहावी: चेंबरची पॅकिंग, क्रँकशाफ्टची सील, फिल्टरची बैठक. गळती नसेल तर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी सुरू होताच थोडा निळा धूर टाकला आणि मग तो थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलांचा संशय घ्यावा. ओझे ओढताना सतत निळा धूर निघत असेल तर रिंगा व सिलिंडर यांची झीज संभवते. टर्बो असलेल्या इंजिनात त्याची सीलही तपासावी लागते. काळा धूर तेलाचा नसून अपुऱ्या जळालेल्या इंधनाचा असतो. त्यासाठी हवेचा फिल्टर व नोझल पाहावेत. व्हॉल्व्हच्या सीला बदलणे हे रिंगा बदलण्यापेक्षा पुष्कळच कमी खर्चाचे काम आहे. धूर न तपासता दाट तेल घालणारा मालक अनेकदा लहान दुरुस्ती टाळून मोठी ओढवून घेतो.

तेलाचा खप मोजणे सोपे आहे, आणि मोजल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले तेल चेंबरमध्ये उतरते. पट्टी पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी वरच्या खुणेपर्यंत आणावी. किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. १००० किलोमीटरनंतर पुन्हा वरच्या खुणेपर्यंत येण्यास किती तेल लागले, ते मापाने मोजावे. समजा, पहिल्या वेळी २०० मिलिलिटर लागले, पुढच्या वेळी २२०, त्यापुढे २००. तर हे इंजिन वृद्ध असले तरी स्थिर आहे. हाच आकडा २००, ४००, ७०० असा चढत गेला तर झीज वेगाने वाढते आहे. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक सांगते.

पातळी वरच्या खुणेच्या पुढेही नेऊ नये. तेल अधिक झाले तर क्रँकशाफ्ट ते घुसळते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि बुडबुड्यांचे तेल ओझे पेलत नाही. न घालताच पातळी वाढलेली दिसली तर तेलात डिझेल किंवा पाणी उतरत आहे असे समजावे. तेलाला डिझेलचा वास येत असेल तर नोझल किंवा पंप. ते दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल तर रेडिएटरचे पाणी. अशा वेळी तेलाची निवड हा प्रश्नच उरत नाही. गाडी चालविणे थांबवून दोष काढावा लागतो.

तपासणीनंतर झीज मध्यम असल्याचे दिसले, इंजिन तापल्यावर दाब निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या जवळ उतरत असला, आणि पुस्तिकेतील तक्त्यात मुभा असली, तर १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० ही एक पायरी चढणे समर्थनीय ठरते. दर्जा मात्र तोच राखावा. तक्त्यापलीकडे जाऊन दाट तेल शोधणे, किंवा तेल दाट करणारी मिश्रणे त्यात ओतणे, याने इंजिन दुरुस्त होत नाही.

सिंथेटिक तेलाविषयीही थोडे सांगावयास हवे. ते उष्णतेत अधिक टिकते व थंडीत चांगले वाहते; जुन्या इंजिनाला ते बाधते ही समजूत बरोबर नाही. कधीकधी ते साचलेला गाळ सैल करते आणि गाळाने बुजलेली जुनी गळती उघडी पडते, एवढेच. पण जे इंजिन तेल जाळत आहे त्याच्यात महाग तेल घालणे म्हणजे ते धुरावाटे सोडून देणे होय. अशा इंजिनाला योग्य दर्जाचे साधे खनिज तेल वेळेवर बदलून देणे अधिक शहाणपणाचे.

सी. एन. जी. वर चालणाऱ्या गाड्या

दिल्लीच्या रस्त्यांवरील लहान मालवाहू गाड्यांचा एक मोठा वर्ग सी. एन. जी. वर चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जुलै १९९८ च्या आदेशानंतर बसगाड्या या इंधनाकडे वळल्या आणि पुढे मालवाहतुकीतही ते रुजले. नैसर्गिक वायू काजळी जवळजवळ करीत नाही, त्यामुळे या इंजिनातील तेल दीर्घकाळ स्वच्छ दिसते. येथे रंगाची फसवणूक उलट्या बाजूने होते: तेल स्वच्छ दिसते म्हणून बदलणे लांबविले जाते. वस्तुतः ज्वलनकक्ष अधिक तापत असल्याने तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन ते आतून दाट होत असते. शिवाय जादा राखेचे तेल पिस्टनवर व व्हॉल्व्हवर थर साठविते. म्हणून सी. एन. जी. गाडीत डिझेलसाठीचे तेल 'अधिक भक्कम' म्हणून घालू नये. निर्मात्याने सांगितलेले वायूच्या इंजिनाचे तेलच घालावे.

किलोमीटर आणि तास

तेल किती किलोमीटरनंतर बदलावे याचा आकडा पुस्तिकेत असतो. परंतु इंजिन किलोमीटर जाणत नाही. ते किती तास फिरले हेच त्याला कळते. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने महामार्गावर जाणारी गाडी १०,००० किलोमीटर कापते तेव्हा तिचे इंजिन २५० तास चाललेले असते. तीच गाडी मंडईच्या रांगेत, सिग्नलवर आणि यमुनेच्या पुलांवरील कोंडीत अडकत ताशी सरासरी १५ किलोमीटरने गेली, तर तितक्याच किलोमीटरांसाठी इंजिन सुमारे ६६७ तास चालते. मीटरवरील आकडा एकच, पण तेलाचे श्रम अडीचपटींहून अधिक.

म्हणूनच पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती' या शीर्षकाखाली बदलाचे अंतर कमी करण्याची जी सूचना असते ती दिल्लीच्या पिकअपला अपवाद म्हणून नव्हे, तर नियम म्हणून लागू पडते. कठीण परिस्थिती म्हणजे थांबत-थांबत चालणे, जड ओझे, लांब वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे आणि धूळ. मे-जूनच्या आंधीत हवेत उडणारी बारीक वाळू तेलाची मोठी शत्रू आहे. हवेच्या फिल्टरची कड सैल असली किंवा त्यापुढील रबरी नळीला चीर गेली असली तर ती वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते, रिंगा घासते आणि तेलात उतरून बेअरिंगांपर्यंत पोहोचते. तेलावर केलेला खर्च वाचवावयाचा असेल तर आधी हवेचा मार्ग बंदिस्त असावा.

तेल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे मळ तेलाबरोबर बाहेर पडतो. तेलाचा फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. जुन्या फिल्टरमध्ये घाण तेल राहतेच. इंजिन केरोसीन किंवा डिझेलने 'धुण्याची' काही ठिकाणची पद्धत टाळावी. सुटलेला गाळ तेलाच्या बारीक मार्गांत अडकतो आणि मागे राहिलेले केरोसीन नवे तेल पातळ करते. आत गाळ फार असल्यास योग्य तेल घालून पुढील दोन-तीन बदल लवकर करावेत. गाळ सावकाश निघतो व धोका राहत नाही.

सुटे तेल: एक जुना धडा

तेलाच्या बाबतीत 'अधिक म्हणजे उत्तम' ही समजूत दिल्लीला एकदा फार महाग पडली आहे. नव्वदीच्या दशकात शहरात दोन-ठोके इंजिनांच्या ऑटोरिक्षा व स्कूटरी मोठ्या संख्येने होत्या. या इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. इंजिनाचे अधिक रक्षण होईल या कल्पनेने चालक प्रमाणापेक्षा जास्त तेल घालीत, आणि ते सुटे, हलक्या दर्जाचे असे. परिणाम म्हणजे निळसर धुराचे लोट. अखेर डिसेंबर १९९८ मध्ये दिल्लीत सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपांवर ठरावीक प्रमाणात तेल मिसळून देणारी यंत्रे बसविली गेली. तेलाची जात आणि त्याचे प्रमाण हा केवळ मालकाचा खाजगी प्रश्न नसून शहराच्या श्वासाचाही प्रश्न आहे, हे त्या वेळी प्रथमच ठळकपणे मान्य झाले.

पिकअपच्या मालकासाठी या धड्याचा अर्थ सरळ आहे. सुटे तेल घेऊ नये. वापरलेले तेल वरवर गाळून नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत भरून विकण्याचा धंदा चालतो; असे तेल बोटांना नव्यासारखेच लागते, पण त्यातील पूरके संपलेली असतात. डब्याचे सील, उत्पादनाची तारीख व घाऊक तुकडीचा क्रमांक पाहावा, पावती घ्यावी आणि रिकामा झालेला डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जात नाही.

काढलेल्या तेलाचीही जबाबदारी मालकावर राहते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल हे घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनःशुद्धीकरण घडवून आणण्याचे दायित्व उत्पादकांवरही टाकण्यात आले आहे. गटारात ओतलेले तेल शेवटी यमुनेत जाते. भट्टीत जाळलेले तेल जड धातूंसह हवेत जाते. ज्या गॅरेजात ते पिंपात साठवून अधिकृत पुनःशुद्धीकरण करणाऱ्याकडे दिले जाते, तेथेच तेल बदलणे योग्य.

गाडी किती दिवस ठेवावी

दिल्ली परिसरात जुन्या गाडीच्या निगेचा विचार कायद्यापासून वेगळा करता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ च्या आदेशांत पंधरा वर्षांवरील सर्व आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना येथील रस्त्यांवर मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणून खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी गाडीच्या नोंदणीपुस्तकातील तारीख व स्टेज पाहणे ही पहिली पायरी होय. ज्या गाडीला रस्त्यावर येण्याचीच मुभा नाही तिचे इंजिन बांधण्यात अर्थ नाही. जिला अजून काही वर्षे चालावयाचे आहे तिच्या बाबतीत मात्र वेळेवर बदललेले तेल हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

थोडक्यात, निवडीचा क्रम असा राहतो: प्रथम नोंदणीपुस्तक व निर्मात्याची शिफारस; मग इंधनाला साजेसा दर्जा; मग हवामानाला साजेसा दाटपणा; आणि त्यानंतर इंजिनाची मोजून ठरविलेली झीज. कंपनीचे नाव व किंमत या गोष्टी सर्वांत शेवटी येतात. हा क्रम पाळला तर दिल्लीतील बऱ्याचशा जुन्या डिझेल पिकअपांसाठी उत्तर अगदी साधे निघते: सीलबंद डब्यातील, पुस्तिकेत सांगितलेल्या किंवा त्यानंतरच्या दर्जाचे १५डब्ल्यू-४० तेल, नव्या फिल्टरसह, तासांचा हिशेब ठेवून बदललेले. झिजलेला धातू कोणतेही तेल परत आणून देत नाही. उरलेला धातू राखणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि त्यासाठी ते योग्य जातीचे, योग्य मापाचे आणि वेळेवर बदललेले असावे लागते.